वणवा विझल्यावरचं काम मोबाईलच्या नकाशावर कसं लावायचं: सातपुड्याच्या पाड्यांसाठी

राम राम मंडळी. फेब्रुवारी लागला की सातपुड्यात साग उघडा पडतो, खाली पानांचा थर साचतो, गवत वाळून कडक होतं आणि मग पाऊस येईपर्यंत कुठल्या ना कुठल्या डोंगरावर रात्री लाल रेघ दिसतेच, रावेर-यावल-चोपड्यापासून शिरपूर, शहादा, तळोदा, धडगावपर्यंत कुणालाच हे वेगळं सांगायला नको. वणवा विझवायचा कसा यावर बरंच बोललं जातं. विझल्यानंतरच्या कामाचं मात्र दरवेळी तेच होतं, पहिले चार दिवस सगळे धावतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंचा पूर येतो पण कुठला फोटो कुठल्या पाड्याचा ते कळत नाही, मंडळाची एक यादी, ग्रामपंचायतीची दुसरी, वनखात्याची तिसरी, मग रस्त्याजवळच्या पाड्यावर दोनदोनदा ताडपत्री पोचते आणि नाल्यापलीकडची चार घरं तशीच राहतात. आणि जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडला की उघडी पडलेली माती राखेसकट खाली सुकी, मोर, गूळ, अनेर नाहीतर गोमाई नदीत जाते, ती काही परत येत नाही.

हे सगळं एका नकाशावर आणता येतं, साध्या अँड्रॉइड फोनवर, फुकटच्या ॲपवर, रेंज नसताना पण. गावातली वनसमिती, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा, एनएसएसची पोरं, वनरक्षक, ज्यांना ज्यांना या कामात पडायचं आहे त्यांच्यासाठी लिहितोय. आणि एक गोष्ट आधीच बोलून टाकतो, ॲप कुठलं घ्यायचं यावर लोक खूप वाद घालतात पण त्यानं फार फरक पडत नाही. सगळ्यांनी एकाच नकाशावर, एकाच पद्धतीनं लिहिणं आणि रोज संध्याकाळी एका माणसानं तो नकाशा उघडून बसणं, यावर सगळं अवलंबून आहे.

जंगलात शिरण्याआधी

वणवा पूर्ण विझलाय हे वनखात्याच्या माणसाकडून ऐकल्याशिवाय आत जायचं नाही. राखीव वन असो की यावल, अनेर डॅमसारखं अभयारण्य, परवानगी लागतेच, तेव्हा रेंजर साहेबांना भेटून लेखी अर्ज द्या आणि त्यातच सांगून टाका की आम्ही जी माहिती गोळा करू ती तुम्हाला पण देऊ, याच्यामुळे पुढची निम्मी कामं सोपी होतात. वनखात्याची हेल्पलाईन १९२६ आहे, ती प्रत्येकाच्या फोनमधे सेव्ह करून ठेवा. ड्रोन कुणाकडे असला तरी परवानगीशिवाय उडवू नका.

जळालेलं झाड बाहेरून उभं दिसतं पण बुंधा आतून पोकळ झालेला असतो, वारा सुटला की येतं खाली. जुनी खोडं जमिनीखाली मुळापर्यंत धुमसत राहतात आणि वर नुसती राख दिसते, पाय त्यात गेला की भाजतोच. चप्पल घालून कुणी येऊ नये, जाड बूट पाहिजेत. वेळ पण पहाटेची, एप्रिल-मेमधे आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो आणि जळालेल्या उतारावर सावली नसते, सहाला निघा नि दहा-साडेदहाला परत या. दुपार फोन चार्जिंगला आणि माणसं आरामाला.

ॲप दोनच ठेवा

माहिती भरायला कोबोकलेक्ट. फॉर्म कोबोटूलबॉक्सच्या वेबसाईटवर कॉम्प्युटरवरून बनवायचा, मराठीत बनतो, आणि गावात रेंज असताना फोनमधे उतरवून घ्यायचा. मग डोंगरात रेंज नसली तरी फॉर्म भरता येतो, फोटो काढता येतो, जीपीएसचा पॉईंट घेता येतो, सगळं फोनमधे साठून राहतं आणि खाली आल्यावर एकदम पाठवायचं. आयफोनवर कोबोकलेक्ट नाहीये, तिथं त्याच फॉर्मची वेब लिंक ब्राउझरमधे वापरायची, ती रेंजमधे असताना एकदा उघडून ठेवली की ऑफलाइन पण चालते.

नकाशावर हद्द काढायला आणि कामं वाटायला क्यूफिल्ड. हे क्यूजीआयएस नावाच्या फुकटच्या कॉम्प्युटर सॉफ्टवेअरचं मोबाईल भावंड आहे. कॉम्प्युटरवर नकाशा तयार करून फोनमधे टाकायचा, मग रानात आपण नेमकं कुठं उभे आहोत ते त्याच नकाशावर दिसतं. क्यूजीआयएस येणारं माणूस गावात नसलं तर जवळच्या कॉलेजच्या भूगोल विभागात विचारा, शिकलेली पोरं असतात, आणि त्यांना खऱ्या कामावर हात बसवायला पाहिजेच असतो. तेही जमत नसेल तर क्यूफिल्ड सोडून द्या, कोबोमधली माहिती गुगल माय मॅप्समधे टाकून रंग द्या, एका पाड्याच्या कामाला एवढं पुरतं. माय मॅप्सच्या एका लेयरमधे २००० पॉईंट बसतात, त्याच्यापुढं आपण जाणार नाही. फक्त तो बघायला रेंज लागते हे लक्षात ठेवा, त्यामुळे रानात नेण्यासाठी त्याचा प्रिंट काढा.

तिसरं ॲप आणूच नका. कुणी म्हणेल माझ्याकडे हे भारी ॲप आहे, त्यात फोटोवरच लोकेशन छापून येतं, पण ते फोटो ग्रुपवर पडतात आणि दुसऱ्या दिवशी वर सरकून जातात, त्यातून कामाची यादी होत नाही.

नक्की कुठं कुठं जळलं

नासाच्या फर्म्स या वेबसाईटवर आगीचे लाल ठिपके दिसतात, सॅटेलाईट वरून गेल्यावर साधारण तीन तासांत. आपल्या भारतीय वन सर्वेक्षणाचं वन अग्नी पोर्टल पण आहे, तिथं नाव नोंदवलं की आपल्या भागातल्या आगीचा मेसेज येतो. ही दोन्ही उघडून वणव्याच्या तारखांचे ठिपके उतरवून घ्या.

पण ठिपका म्हणजे आगीची जागा असं धरून चालू नका. व्हिर्स सेन्सरचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटरच्या चौकोनाचा मधला बिंदू, तो चौकोन होतो साधारण १४ हेक्टरचा, म्हणजे ३५ एकर, आणि त्यात आग नेमकी कुठल्या कोपऱ्यात होती ते ठिपका सांगत नाही. मोडिस या दुसऱ्या सेन्सरचा ठिपका तर १ किलोमीटरचा. शिवाय व्हिर्सचं सॅटेलाईट ठराविक वेळेलाच वरून जातं, दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास, त्यामुळे संध्याकाळी पेटून रात्री दहाला विझलेली आग त्याला दिसतच नाही. आणि तिकडे खाली मैदानात, शहाद्याकडे उसाचं पाचट, इकडे गव्हाचं काड, कुणी पेटवलं की तोही ठिपकाच, तो वणवा नाही. म्हणून ठिपके बघायचे ते फक्त कुठल्या बाजूला जाऊन पाहायचं एवढं ठरवायला.

जळालेल्या जागेचा आकार बघायचा तर सेंटिनेल-२ ची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी नवीन, १० ते २० मीटरच्या बारकाईची. त्यात एसडब्ल्यूआयआर नावाचा लेयर लावला की जळालेला डाग काळपट तपकिरी उठून दिसतो. इथं एक अडचण खास आपल्या जंगलाची आहे. आपलं जंगल शुष्क पानझडी, साग, सालई, धावडा, अंजन, मार्चमधे बरीचशी झाडं अशीच उघडी असतात, त्यामुळे जानेवारीचं चित्र आणि एप्रिलचं चित्र शेजारी ठेवलं तर सगळा डोंगरच जळाल्यासारखा वाटतो. तुलना करायची ती वणव्याच्या चार-सहा दिवस आधीच्या चित्राशी, आणि मागच्या वर्षीच्या त्याच पंधरवड्याच्या चित्राशी. दोन्हीत जो डाग नवीन दिसतो तोच धरा, त्याची कच्ची हद्द आखून क्यूफिल्डमधे टाका, पक्की हद्द चालून ठरेल.

गावात बसून भाग पाडा

हे काम लोक उरकून टाकतात, ते उरकू नका, एक अख्खी संध्याकाळ द्या. सॅटेलाईट चित्राचा मोठा प्रिंट काढा, शाळेत किंवा समाजमंदिरात जमिनीवर पसरा आणि म्हाताऱ्या माणसांना, गुराख्यांना, मोहफुलं वेचणाऱ्या बायांना बोलवा. प्रत्येक नाल्याला, टेकडीला, झिऱ्याला म्हणजे पाझरत्या पाण्याच्या जागेला, मोठ्या झाडाला पावरी नाहीतर भिली बोलीत नाव असतं जे सरकारी नकाशात नाही, गुगलवर तर नाहीच. ती नावं प्रिंटवर लिहून घ्या आणि मग नकाशात टाका. रानात अडचण आली आणि फोनवर कळवायचं झालं तर "एकवीस पॉईंट अमुक अमुक" कुणी सांगत नाही, नाल्याचं नाव सांगतात, आणि मदतीला जाणाऱ्याला पण तेच समजतं.

भाग पाडताना गट नंबरवरून किंवा वनखात्याच्या कक्ष क्रमांकावरून पाडू नका, नाल्यावरून पाडा. एका नाल्याला जेवढ्या उताराचं पाणी येतं तेवढा एक भाग. कारण पुढचं सगळं काम, दगडी बांध असो, झिरा वाचवणं असो, पाण्याच्याच वाटेनं जाणार आहे आणि कक्षाची रेघ पाणी ओळखत नाही. कक्ष क्रमांक आणि गट नंबर माहितीत एका रकान्यात लिहा, सरकारी कागदाला ते लागतातच. प्रत्येक भागाला छोटा कोड द्या, क-१, क-२ असा, आणि एक टीम एक भाग. दोन टीमनी एकाच भागात हात घातला की क्यूफिल्डमधे एकाचे बदल दुसऱ्याच्या बदलांवर बसतात आणि कुणाचं तरी काम पुसलं जातं.

याच बैठकीत एक गोष्ट सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायची: ही मोजणी नाही. वनपट्टे असलेली, दावे अजून लटकलेली कितीतरी घरं या पाड्यांवर आहेत, मोबाईल घेऊन हद्दीवरून चालणारी पोरं दिसली की त्यांच्या पोटात गोळा येतो आणि ती भीती खरी आहे. मोबाईलच्या जीपीएसनं काढलेली रेघ कायद्यात जमिनीची हद्द होत नाही, आणि आपण कुणाच्या जमिनीची हद्द काढणार पण नाही, फक्त जळालेल्या जागेची काढणार. हे पावरीत सांगणारं माणूस प्रत्येक टीममधे पाहिजे. ज्याला नको असेल त्याच्या शेताचा पॉईंट घ्यायचा नाही, विषय संपला.

फॉर्ममधे काय असावं

फॉर्म लांब झाला की उन्हात उभं राहून कुणी भरत नाही, काहीतरी दाबून पुढं जातं. पाच-सात मिनिटांत संपला पाहिजे, आणि शक्य तिथं टाईप करायला न लावता पर्याय द्या, नाहीतर एकाच गोष्टीला कुणी "विहीर" लिहितं, कुणी "विहिर", कुणी "वीहीर" आणि संध्याकाळी मोजताना तीन वेगळ्या गोष्टी होतात.

सुरुवातीला भागाचा कोड, भरणाऱ्याचं नाव, जागेचं स्थानिक नाव. मग पॉईंट. मग "इथे काय आहे" याचे पर्याय: घर किंवा गोठा, चाऱ्याची गंजी, शेतातलं साहित्य म्हणजे ठिबकच्या नळ्या, कुंपण, मोटार असं, पाण्याची जागा, माती वाहून जाईल असा उतार, रोपवन, मोह-चारोळीसारखी उत्पन्नाची झाडं, आणि इतर. जो पर्याय निवडला त्याचेच पुढचे प्रश्न उघडतील असं कोबोमधे लावता येतं, ते नक्की लावा.

घराच्या नुकसानीला "थोडं", "बरंच" असे शब्द ठेवू नका, प्रत्येकाचं थोडं वेगळं. कॅलिफोर्नियाचं अग्निशमन खातं वणव्यानंतर घरोघरी जाऊन मोबाईलवर नोंद करतं, त्यांचे टक्क्यांचे गट ठरलेले आहेत: १ ते ९ टक्के, १० ते २५, २६ ते ५०, आणि ५० च्या वर म्हणजे घर गेलंच. तेच गट घ्या, कुडाच्या घराला पण लागू पडतात, फक्त टीमला निघण्याआधी दोन-चार घरं एकत्र दाखवून हात बसवून घ्या.

जमिनीसाठी मात्र नीट बघायला शिकवा, कारण झाडं काळी दिसली म्हणून माती बिघडली असं होत नाही. आपल्याकडचा वणवा बहुतेक जमिनीलगत पळतो, पानं आणि गवत खातो नि पुढं जातो. बघायचं असं: राख काळी आहे आणि तिच्यात अर्धवट जळालेली पानं दिसतात, तर आग हलकी होती. राख पांढरी-करडी, पिठासारखी, आणि खालची बारीक मुळं पण जळालेली, तर तिथं आग बराच वेळ बसून होती, मोठं लाकूड किंवा बांबूची बेटं जळाली तिथं असं सापडतं. मग राख बाजूला सारा, कोरड्या मातीवर बाटलीच्या झाकणानं पाण्याचे थेंब टाका आणि सेकंद मोजा. लगेच मुरलं तर ठीक. पाच सेकंदांहून जास्त वेळ थेंब मोत्यासारखा तसाच उभा राहिला तर ती माती पाणी ढकलतेय, तिथलं पावसाचं पाणी मुरणार नाही, सरळ खाली धावणार. वरच्या थरावर आणि दोन-तीन सेंटिमीटर खाली, दोन्हीकडे करून बघा, कारण कधीकधी पाणी ढकलणारा थर खाली असतो. फॉर्ममधे राखेचा रंग, मुळं आहेत की गेली, थेंबाचे सेकंद आणि उतार, हे चारच प्रश्न ठेवा.

फोटो दोन, एक लांबून जागा ओळखू येईल असा नि एक जवळून. आणि कोबोमधे आवाज रेकॉर्ड करायचा प्रश्न टाकता येतो, तो टाकाच. घरातली आजी तिच्या भाषेत एका मिनिटात जे सांगते ते फॉर्म भरणाऱ्या पोराला मराठीत दहा ओळीत लिहिता येत नाही.

आधार नंबर, बँक खातं, मोबाईल नंबर या फॉर्ममधे अजिबात नको. नकाशा दहा लोकांच्या हातात फिरणार आहे. घराला फक्त कोड द्या, नाव आणि बाकीची माहिती ग्रामपंचायतीच्या वहीत त्या कोडसमोर. तसंच रानात कुठं वन्यप्राण्याची गुहा, पिल्लं, मधाची पोळी दिसली तर त्याचा पॉईंट नकाशात टाकू नका, वनरक्षकाला तोंडी सांगा.

रानात गेल्यावर

निघायच्या आधी गावातच मोकळ्या आभाळाखाली लोकेशन सुरू करून फोन पाच मिनिटं तसाच ठेवा. इंटरनेट नसताना जीपीएसला सॅटेलाईट सापडायला पहिल्यांदा वेळ लागतो, एकदा सापडले की मग पटपट चालतं. त्यानंतर फोन एअरप्लेन मोडवर टाका, जीपीएस तरी चालूच राहतं, पण रेंज शोधत बसण्यात जी बॅटरी जाते ती वाचते. पॉवरबँक टीमला एक.

पॉईंट घेताना स्क्रीनवर अचूकता मीटरमधे दिसते. १० मीटरच्या खाली आल्याशिवाय सेव्ह करू नका. मोकळ्यावर पाच मीटरपर्यंत येतं, पण खोल दरीत, कड्याच्या पोटाशी आकाश अर्धंच दिसतं तिथं तो आकडा ३०-४० वर अडकून बसतो, मग थोडं थांबा, तरी येत नसेल तर समोरच्या मोकळ्या जागेवर जाऊन पॉईंट घ्या आणि शेऱ्यात लिहा, "खरी जागा इथून उगवतीला ४० पावलं".

जळालेल्या जागेची हद्द चालायची तर क्यूफिल्डमधे ट्रॅकिंग सुरू करून काठाकाठानं चाला. सगळी हद्द चालणं दरवेळी शक्य नसतं आणि धोक्याच्या कड्यावरून तर चालूच नका, जिथं जाता येतं तिथं चाला आणि उरलेली सॅटेलाईट चित्रावरून जोडा, फक्त कुठला भाग चालून काढलाय आणि कुठला चित्रावरून ते वेगळ्या रंगात ठेवा. क्षेत्र मोजायला नकाशाचं प्रोजेक्शन, म्हणजे मीटरमधे मोजायची सेटिंग, यूटीएम झोन ४३ उत्तर ठेवायचं, पूर्ण खान्देश त्याच झोनमधे बसतो. आकडा हेक्टर आणि एकर दोन्हीत लिहा, कागदाला हेक्टर लागतं आणि गावात एकरच बोलतात, १ हेक्टर म्हणजे साधारण २.४७ एकर.

संध्याकाळी नकाशा कोण बघतं

टीम खाली आल्या, रेंजमधे फॉर्म पाठवले, आता एका माणसानं बसायचं. रोज तोच माणूस, किंवा तीच ताई. मला विचाराल तर अख्ख्या कामात सगळ्यात महत्त्वाची जागा हीच आहे आणि इथं बोलका पुढारी नको, चिकाटीचं माणूस पाहिजे.

आधी चुका काढायच्या. आपले आकडे सोपे आहेत, अक्षांश २१ च्या आसपास आणि रेखांश ७४ ते ७६ च्या आसपास, कुणी हातानं टाकताना उलटे टाकले की पॉईंट पार नॉर्वेच्या वर समुद्रात जाऊन पडतो, तो लगेच दिसतो. एकाच घराचे दोन पॉईंट, फोटो नसलेले फॉर्म, भागाच्या हद्दीबाहेर पडलेले पॉईंट, हे बघून त्याच रात्री त्या टीमला फोन करा, उद्यावर टाकलं की त्यांना पण आठवत नाही.

मग प्रत्येक पॉईंटला कामाची स्थिती: पाहिलं, काम ठरलं, चालू, झालं. आणि पाचवी, तसंच सोडायचं. लाल, केशरी, पिवळा, हिरवा, करडा असे रंग द्या. प्रत्येक केशरी पॉईंटसमोर कुणाचं तरी नाव आणि तारीख पाहिजेच, "मंडळ करेल", "समिती बघेल" असं लिहिलेलं काम होत नाही. दुसऱ्या दिवशीचं वाटप याच नकाशावरून, आणि व्हॉट्सॲपवर टाकायचं ते एवढंच, क-२ ला कोण, काय सामान घेऊन, किती वाजता. बाहेरून मदत घेऊन येणाऱ्यांना पण हाच नकाशा दाखवा, भुसावळ-जळगावहून चांगल्या मनानं गाडी भरून येतात बिचारे, त्यांना कुठं जायचं एवढंच माहीत नसतं.

दर दोन-तीन दिवसांनी ए-थ्री कागदावर नवा प्रिंट काढून समाजमंदिराच्या भिंतीवर लावा. ज्यांच्या हातात स्मार्टफोन नाही ती माणसं तिथं उभी राहून बोट ठेवतात, आमचा झिरा राहिला, तमक्याचा गोठा राहिला, आणि अशा सुटलेल्या जागा फक्त याच वाटेनं कळतात.

पावसाआधी काय आधी घ्यायचं

घर आणि चारा तर पहिलाच, त्यात विचारण्यासारखं काही नाही. त्याच्या लगेच मागं पाणी. नकाशावर जळालेल्या उताराच्या खाली कुठले झिरे, विहिरी, हापसे येतात ते बघा, पहिल्या पावसात सगळी राख त्यांच्यातच उतरणार. झिऱ्याच्या वरच्या बाजूला छोटा चर काढून पाणी वळवा, विहिरीचा कठडा उंच करा, आणि पहिले काही पाऊस त्या पाण्याऐवजी प्यायला कुठून आणायचं ते आधीच ठरवा.

मग माती. थेंबाच्या परीक्षेत नापास झालेले आणि चढे उतार जिथं एकत्र येतात, ते भाग आधी. नाल्यात अनगड दगडांचे छोटे बांध घालायचे ते माथ्यापासून पायथ्याकडे, आधी खाली घातले तर वरून येणारा लोंढा घेऊन जातो. प्रत्येक बांधाचा पॉईंट, लांबी, उंची, आणि एकाच जागेवरून आधी, चालू असताना आणि झाल्यावर असे तीन फोटो, रोजगार हमीच्या कामात अशा फोटोंची सवय आहेच लोकांना. जंगलाच्या जमिनीत चर खोदणं, बांध घालणं हे वनखात्याला विचारूनच, त्यांच्या आराखड्यात बसवून.

झाडं लावायची घाई करू नका. ही गोष्ट मला फार आतून वाटते. वणवा झाला की सगळ्यांना रोपं आणून लावावीशी वाटतात, पण साग, पळस, टेंभुर्णी, धावडा ही झाडं जळाल्यावर बुडातून, मुळातून पुन्हा फुटतात, पहिल्या पावसानंतर हिरवे कोंब दिसायला लागतात. तिथं खड्डे खोदायला गेलो तर तेच कोंब तुडवले जातात. त्यांना पाहिजे ती राखण, दोन पावसाळे गुरं-शेळ्या आत जाऊ नयेत एवढी. म्हणून "तसंच सोडायचं" ही स्थिती नकाशात ठेवायला सांगितली, आणि त्या करड्या भागाची हद्द घेऊन ग्रामसभेत चराईबंदी ठरवा. पण गुरं मग कुठं जातील तेही त्याच नकाशावर दाखवा, न जळालेल्या भागातली चराईची वाट आणि पाण्याची जागा, नाहीतर बंदी चार दिवसात मोडते आणि मोडणाऱ्याची चूक पण नसते.

पंचनाम्याला याचा काय उपयोग

पंचनामा तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायकच करणार, जंगलातला वनखातं करणार, आपला नकाशा त्याची जागा घेत नाही. पण ते आले की त्यांच्या हातात गट नंबरप्रमाणे लावलेली यादी आणि प्रिंट द्या, गट नंबर महाभूनकाशाच्या वेबसाईटवर तपासून घ्या. एका दिवसात त्यांना कुठकुठं जायचं ते आखून मिळतं, आणि दूरचं घर सुटत नाही. लोकांना एक कडक सूचना द्या, पंचनाम्याआधी जळालेलं सामान उचलू नका, आणि उचलावंच लागलं तर आधी कोबोमधे फोटो आणि मग हात लावा. फॉर्ममधे फोटोबरोबर तारीख, वेळ, जागा तिन्ही नोंदवलेली असतात, पुढं अर्ज अडकला तर तेवढा एक कागद तरी हातात राहतो.

पहिला पाऊस झाल्यावर

नकाशा इथं बंद करतात बरेच जण, करू नका. पहिला मोठा पाऊस उघडला की त्याच पॉईंटवर परत जा, त्याच दिशेनं फोटो काढा, कुठला बांध फुटला, कुठं माती साचली, कुठल्या झिऱ्याचं पाणी गढूळ आलं. फुटलेला बांध लगेच पुन्हा रचला तर उरलेला पावसाळा निभावतो. ऑक्टोबरमधे तिसरा फेरा, तेव्हा कोंब किती वाचले ते दिसतं. आणि डिसेंबर-जानेवारीत वनखातं जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून साफ केलेले पट्टे, काढतं तेव्हा हाच नकाशा घेऊन त्यांच्याशी बसा, आग कुठून शिरली, कुठल्या वाटेनं चढली, कुठल्या नाल्यावर थांबली हे सगळं त्यात आहे. मोहाच्या झाडाखाली पानं पेटवायच्या आधी झाडून गोल साफ करायचा, ही गोष्ट पण त्याच बैठकीत निघू द्या, कुणावर बोट न ठेवता.

आता राहिलं खात्याचं. कोबोचं आणि क्यूफिल्डचं खातं एका पोराच्या वैयक्तिक ईमेलवर उघडू नका, तो पुण्याला नोकरीला गेला की पासवर्ड पण गेला. समितीच्या नावानं नवा ईमेल काढा, पासवर्ड अध्यक्ष, सचिव आणि एका शिक्षकाकडे लिहून ठेवा, आणि पावसाळा संपला की सगळी माहिती, फोटोंसकट, दोन पेनड्राईव्हवर उतरवून एक ग्रामपंचायतीच्या कपाटात आणि एक वनरक्षकाकडे द्या, सोबत कोडची वही आणि भिंतीवरचा शेवटचा प्रिंट.